विश्लेषण : सौर पॅनेल बसले, पुढे काय? दरेवाडीचा धडा

पुण्यातील सोसायट्यांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल वाढत आहेत. पण प्रकल्प उभारण्यापेक्षा तो टिकवणे अवघड. ते कसे साधायचे, हे पुणे जिल्ह्यातील एका वाडीने आधीच करून पाहिले आहे.

दरेवाडीत काय झाले?
विजेची तार न पोहोचलेल्या या वाडीत २०१२ मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ कंपनीने ९.४ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला. आर्थिक मदत ‘बॉश’ कंपनीच्या सौर विभागाची होती. ३९ घरांना वीज मिळाली.

वीज फुकट का नाही?
घरोघरी मीटर बसले. वापरानुसार पैसे गावच्याच न्यासाकडे जमू लागले. कारण पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते. बॅटरी मात्र काही वर्षांतच बदलावी लागते. तेव्हा पुन्हा देणगीदार येईलच, असे नाही.

शहरात फरक काय?
ग्रिडला जोडलेल्या सोसायटीला बॅटरीची गरज नसते. नेट मीटरिंगमुळे दिवसाची जादा वीज ग्रिडमध्ये जाते आणि बिलात वळती होते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. पण पुढे इन्व्हर्टर बदलायचा किंवा पॅनेल धुवायचे, तर खर्च सभासदांचाच.

मग करायचे काय?
वाचलेल्या बिलातला काही वाटा देखभाल निधीत टाकण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आधीच करावा. सगळी बचत मेंटेनन्स कमी करण्यात गेली, तर पहिल्याच मोठ्या बिघाडानंतर पॅनेल शोभेपुरते उरतील.