दुरुस्त होतो तोच ट्रॅक्टर टिकतो

एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजुरी दिली. हरियाणातल्या पिंजोरच्या या सरकारी कारखान्यातून १९७१ पासून झेटॉर कंपनीच्या तंत्रावर बेतलेले ट्रॅक्टर बाहेर पडत होते. आज त्यांच्यामागे शोरूम नाही, वॉरंटी नाही, तक्रार ऐकणारी कंपनीही नाही. तरीही गावोगावी एचएमटी शेतात उभे आहेत, मशागत करत आहेत. रिंगा, क्लचप्लेट, नोझल बाजारात मिळतात आणि ते बसवणारा मिस्त्री तालुक्याला सापडतो. जुने ट्रॅक्टर टिकाऊ की नवे, या वादात मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. बनवणारा गेला तरी यंत्र चालत राहिले.

जुन्यांची बाजू घेणारे सांगतात की तेव्हाचे लोखंड जाड होते. पत्रा जाड होता, हे कबूल. पण या युक्तिवादात एक गफलत आहे. आज आपल्याला दिसतात ते पन्नास वर्षांतून तगून राहिलेले ट्रॅक्टर. त्यांच्याच बरोबर विकत घेतलेले कितीतरी केव्हाच भंगारात गेले, त्यांची गणती कोणी करत नाही. शिवाय जुन्या यंत्राचे हालही विसरू नयेत. जड स्टिअरिंगने खांदे भरून यायचे, चिखलपाण्यात ब्रेक दगा द्यायचे, उलटला तर चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट नसायची. तेलात बुडालेले ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि जास्त वजन उचलणारी लिफ्ट ही नव्या ट्रॅक्टरची खरी कमाई आहे. चालकाचा जीव आणि कंबर वाचवणारी सुधारणा मी कधीही नाकारणार नाही.

मग जुना टिकला कशामुळे? महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचा बी-२७५ घ्या, किंवा १९६० साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या टाफेचा मॅसी १०३५ घ्या. इंजिन संथ चालणारे, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपासचे. सिलिंडरमध्ये लायनर वेगळा. तो झिजला की ब्लॉक तसाच ठेवून लायनर-पिस्टनचा नवा संच घालायचा आणि इंजिन पुन्हा बांधायचे. हवा गाळायला तेलाचा एअर क्लीनर; मिस्त्री तो दारातच धुऊन देतो. डिझेलचा पंप संपूर्ण यांत्रिक. त्याने हवा धरली तर नट सैल करून हातपंप मारला की काम झाले. बिघाड कानाला ऐकू यायचा, धुराच्या रंगावरून ओळखू यायचा आणि पान्याने दुरुस्त व्हायचा. एकच मॉडेल वर्षानुवर्षे थोड्याफार फरकाने बनत राहिल्यामुळे सुट्या भागांचा बाजार उभा राहिला आणि मिस्त्रींच्या पिढ्या त्या एका यंत्रावर तयार झाल्या.

५० अश्वशक्तीच्या आतल्या अनेक नव्या ट्रॅक्टरांचे इंजिन आजही याच घडणीचे आहे. तरी ते लवकर थकतात अशी तक्रार येते. तिचे एक कारण यंत्रात नाही, आपल्या वापरात आहे. पूर्वीचा ट्रॅक्टर नांगर आणि फण ओढायचा, हंगाम संपला की शेडमध्ये उभा राहायचा. आजचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर फिरवतो, द्राक्षबागेत ब्लोअर चालवतो आणि गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस ओढतो. हप्ता फेडायचा म्हणून भाड्याची कामे घ्यावी लागतात. त्या घाईत ऑइल बदलायचे राहते, फिल्टर तसाच राहतो. जुन्या ट्रॅक्टरला हा भार दिला असता तर तोही इतका जगला नसता.

खरा बदल ५० अश्वशक्तीच्या वर घडला आहे. १ जानेवारी २०२३ पासून या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्यांच्याबरोबर कॉमन रेल इंजिन, सेन्सर आणि ईसीयू म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक आले. जुना इंजेक्टर दोनशे बारच्या आसपास दाबाला उघडायचा; कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या कितीतरी पुढे जातो. त्यामुळे डिझेल बारीक फवारले जाते, नीट जळते आणि धूर कमी होतो. ट्रॅक्टरवर दिवसभर बसणाऱ्याच्या फुप्फुसांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण इतक्या दाबाच्या इंजेक्टरला डिझेलमधला पाण्याचा थेंब आणि मातीचा कणही सोसत नाही, आणि आपण डिझेल नेतो कॅनमधून, उघड्या नरसाळ्याने. पुढे डॅशबोर्डवर दिवा लागला की गावचा मिस्त्री हात टेकतो. त्याच्याकडे बिघाडाचे कोड वाचण्याचे यंत्र नसते, माहितीपुस्तिका नसते. पेरणीच्या वाफशात चार दिवस कंपनीच्या माणसाची वाट पाहणे म्हणजे हंगाम गमावणे.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हा त्रास आधी भोगला. तिथे कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रे बनवणाऱ्यांवर बंधन आले: सुटे भाग, दुरुस्तीची हत्यारे, सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तिका मालकाला आणि स्वतंत्र मिस्त्रीला उपलब्ध करून द्यायची. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीयंत्रे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये या हक्कासाठी पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती ठेवणे हे कंपनीच्या मर्जीवर असेल तर बांधावरच्या शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. त्यासाठी कायद्याचे बंधनच हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. दुरुस्ती स्वस्त करणारे हे पाऊल स्वागतार्ह आहे. आता दुरुस्ती शक्य करणारे पाऊलही सरकारने उचलावे.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. मॉडेल बंद झाल्यावरही निदान १५ वर्षे सुटे भाग देण्याची सक्ती कंपन्यांवर असावी. बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र आणि पुस्तिका रास्त किमतीत कोणत्याही मिस्त्रीला मिळावी, आणि पुस्तिका मराठीत असावी. आणि आयटीआयमधल्या ट्रॅक्टर मेकॅनिकच्या प्रत्येक तुकडीला कॉमन रेल इंजिन उघडून शिकायला मिळावे. ट्रेम-५ या पुढच्या टप्प्याची मुदत आधीच पुढे ढकलली गेली आहे. तो लहान ट्रॅक्टरांपर्यंत पोचण्याआधी ही तयारी झाली नाही, तर त्याची किंमत दोन-चार एकरवाल्याला मोजावी लागेल.

नवा ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या वाचकांना एवढेच सांगतो: अश्वशक्ती, रंग आणि सूट विचारण्याआधी सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते विचारा. हे मॉडेल बनवणे बंद झाले तर भाग किती वर्षे मिळतील, ते लेखी मागा. आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला सोबत न्या आणि बॉनेट उघडून त्याला पाहू द्या. त्याने मान डोलावली तरच सही करा.