अडकणाऱ्या चित्राचे माप



परवा एका गावी कापसावरील बोंडअळीचा कार्यक्रम पाहायला दहा-बारा मंडळी ओसरीवर जमली होती. टीव्ही इंटरनेटवर चालणारा. औषध कोणते ते कळले. पण दहा लिटर पाण्याला किती घ्यायचे, हे सांगण्याच्या वेळीच चित्र थिजले. घरधनी म्हणाले, "साहेब, शंभर एमबीपीएसचे पैसे भरतो, तरी ही गत!"

आपण डेअरीत दूध घालतो तेव्हा नुसते लिटर मोजून भागते का? फॅटही पाहावी लागते. इंटरनेटचा वेग म्हणजे लिटर. चित्राचा कस निराळा मोजावा लागतो.

चित्र लहान लहान तुकड्यांनी येते; त्यांना पॅकेट म्हणतात. या टीव्हीच्या एका पॅकेटात बहुधा १,३१६ बाइट चित्र असते. ४ एमबीपीएसचे चित्र असेल, तर सेकंदाला अशी सुमारे ३८० पॅकेटे लागतात. त्यांचे मोजमाप आपल्या पाटाच्या पाण्यासारखेच: वाटेत गळती किती आणि पाळी किती मागेपुढे होते? पाळी चुकली तरी हौद भरलेला असेल तर पीक सुकत नाही. टीव्हीच्या डब्यातही असा हौद असतो, त्याला बफर म्हणतात. तो आटला की चित्र थांबते. गळती आणि मागेपुढे होणे, या दोन आकड्यांचे 'मीडिया डिलिव्हरी इंडेक्स' नावाचे माप तंत्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केले.

आणखी एक माप आहे, माणसाच्या डोळ्याचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पट्टीत चित्राला पाचपैकी गुण देतात: ५ उत्तम, ४ चांगले, ३ मध्यम, २ निकृष्ट, १ वाईट. अनेकांच्या गुणांची सरासरी काढतात. हे काम तुमच्या घरातही होईल.

आठ दिवस रोज रात्री आठ वाजता एक कार्यक्रम पाहा. वहीत तारीख, चित्र किती वेळा अडकले, किती सेकंद अडकले आणि घरातल्या प्रत्येकाने दिलेले गुण लिहा. चित्रात चौकोन उमटले की गोल चक्र फिरत राहिले, तेही टिपा. चौकोन बहुधा गळतीची खूण, चक्र आटलेल्या हौदाची. चार दिवस वायफायवर पाहा, चार दिवस डब्याला तार जोडून. तारेवर चित्र सुधारले, तर दोष घरातल्या वायफायचा. तारेवरही तेच रडगाणे असेल, तर वही घेऊन तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. "नीट दिसत नाही" या बोलण्यापेक्षा "आठ दिवसांत एकोणीस वेळा अडकले" या आकड्याला वजन असते.

आणि एक विनंती. औषधाचे प्रमाण अर्धवट ऐकले असेल, तर अंदाजाने फवारू नका. बाटलीवरचे लेबल वाचा, नाहीतर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. अडकलेले चित्र पुन्हा चालू होईल, करपलेले पीक होणार नाही.