मधलं शतक कुठे गेलं?

‘ब्रिस्टल एका दिवसात’ छापाचं कुठलंही रील उघडा, क्रम ठरलेला असतो. आधी बंदरातलं ‘मॅथ्यू’, म्हणजे १४९७ साली जॉन कॅबट ज्या जहाजातून अटलांटिक ओलांडून गेला त्याची प्रतिकृती. मग ‘एसएस ग्रेट ब्रिटन’, १८४३ साली पाण्यात उतरलेलं ब्रुनेलचं लोखंडी जहाज. मग ब्रुनेलच्याच मूळ आराखड्यावरून बांधलेला, १८६४ साली खुला झालेला क्लिफ्टनचा झुलता पूल. शेवटी बँक्सीचं एखादं भित्तिचित्र, हातात सायडरचा ग्लास, बाय-बाय.

आता ती सालं पुन्हा वाचा. १४९७ वरून थेट १८४३. मधली साडेतीनशे वर्षं हे शहर काय करत होतं?

कमावत होतं. १६९८ ते १८०७ या काळात गुलामांच्या व्यापारासाठी ब्रिस्टलहून दोन हजारांहून अधिक जहाजफेऱ्या निघाल्या. सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसं या जहाजांत कोंबली गेली. इथून माल भरून पश्चिम आफ्रिका, तिथे माल देऊन माणसं घ्यायची, ती कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत विकायची, आणि येताना साखर, रम, तंबाखू. रीलमध्ये ज्याला ‘किती सुंदर जॉर्जियन आर्किटेक्चर’ म्हणतात, त्यातलं बरंचसं याच शतकातलं आणि याच पैशाच्या आसपासचं आहे. म्हणजे घरं दाखवायची, पण भाडं कोणी भरलं ते विचारायचं नाही.

माझा आक्षेप साधा आहे. बंदराच्या शहरात जहाज दाखवायचं आणि त्यातला माल लपवायचा, याला स्थलदर्शन म्हणत नाहीत. ती जाहिरात झाली.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘अरे, फिरायला आलोय, कशाला मूड घालवतोस?’ ठीक आहे, मूड सांभाळून एक पूल बघू. बंदरावर शिंगांसारखे दोन मोठे कर्णे असलेला पादचारी पूल आहे, १९९९ साली खुला झालेला. त्याचं नाव पेरोचा पूल. पेरो बारा वर्षांचा असताना जॉन पिनी नावाच्या साखरमळेवाल्याने त्याला नेव्हिस बेटावर विकत घेतलं. पुढे पिनीने त्याला नोकर म्हणून ब्रिस्टलला आणलं. पिनीचं ते घर आज ‘जॉर्जियन हाऊस’ नावाचं संग्रहालय आहे. पेरो १७९८ साली गेला. त्याच्या नावाच्या पुलावर जोडपी प्रेमाची कुलुपं लावतात. एका गुलामाच्या नावावर हजारो कुलुपं! जोडप्यांवर माझा राग नाही. त्यांना हे न सांगता तिथे फोटो काढायला पाठवणाऱ्यांवर आहे.

दुसरं उत्तर जास्त हुशार असतं: ‘पुतळे पाडले की इतिहास पुसला जातो.’ ७ जून २०२० रोजी आंदोलकांनी एडवर्ड कोलस्टनचा पुतळा पाडला आणि ओढत नेऊन बंदरात ढकलला, तेव्हापासून हे वाक्य ऐकतोय. कोलस्टन रॉयल आफ्रिकन कंपनीचा बडा अधिकारी. तो वारला १७२१ साली, पुतळा उभा राहिला १८९५ साली. म्हणजे मृत्यूनंतर १७४ वर्षांनी, आणि ब्रिटनने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केल्यावर ६२ वर्षांनी. ज्यांनी तो उभारला त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी खालच्या पाटीवर तो शहराचा सद्गुणी आणि सुज्ञ पुत्र ठरला. गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख करणारी दुसरी पाटी लावायचं ठरलं, तर शब्दांवरून इतकी ओढाताण झाली की २०१९ साली तीही अडकली. मग मला सांगा, इतिहास पुसत कोण होतं?

आज तोच पुतळा एम शेड संग्रहालयात आहे, उताणा, अंगावर रंगाचे फराटे तसेच ठेवून. प्रवेश फुकट. १२५ वर्षं उभा राहून त्याने जे सांगितलं नाही, ते तो आडवा पडून सांगतो. माझ्या मते ब्रिस्टलमधली बघण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

तिसरं उत्तर खास आपलं: ‘हे गोऱ्यांचं पाप, आपला काय संबंध?’ गंमत म्हणजे भारतीय पर्यटक ब्रिस्टलला गेला की संबंध शोधतोच. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी याच शहरात वारले. आर्नोस व्हेल दफनभूमीत द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली त्यांची छत्री आहे, कॉलेज ग्रीनवर पुतळा आहे. तिथे ऊर भरून येतो, स्टोरी पडते. पडावीच.

पण मग त्या जहाजांतल्या मालाकडेही बघा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात ब्रिटिश व्यापारी जे देत, त्यात भारतीय सुती कापड मोठ्या प्रमाणावर असे. ईस्ट इंडिया कंपनीने लंडनला आणलेलं गुजरातचं आणि कोरोमंडलचं कापड. विणकराला आपला तागा कुठे जाऊन कशाच्या बदली दिला जाणार, याची कल्पनाही नसेल. दोष त्याचा नाही. पण ‘आपला काय संबंध’ हे वाक्य तिथेच संपतं. छत्रीपाशी अभिमान घेता येतो, तर ताग्याचा हिशेबही ऐकायला हवा.

कोणी रडत फिरावं असं मी म्हणत नाही. झुलत्या पुलावर जा, वारा खा, सायडर प्या. फक्त एखाद्या देखण्या दगडी घरासमोर फोन उचलाल तेव्हा ते कुठल्या साली बांधलं आणि कशाच्या पैशावर, हे दोन प्रश्न कॅप्शनमध्ये टाका. उत्तर शोधायला पाच मिनिटं लागतात. पेरोचं नाव उच्चारायला तेवढीही नाहीत.