बॅकअप रेंगाळला, तर आधी मोजा

रविवारी दुपारी दोन वाजता मी सर्व्हर रूममध्ये टेप ड्राइव्हला कान लावून उभी होते. घर्र... खट्... थोडं मागे... पुन्हा घर्र. शनिवारी रात्री दहाला लावलेला आठवड्याचा पूर्ण बॅकअप अजून चालूच होता. संपला साडेचारला. साडेअठरा तास! तोवर इमर्जन्सीच्या काउंटरवर जुना केसपेपर उघडायला इतका वेळ लागत होता की तिथल्या सिस्टरचे दोन फोन येऊन गेले.

मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात लिनक्स सर्व्हर सांभाळते. स्कॅन केलेले केसपेपर, डिस्चार्ज कार्डं, रक्ताचे रिपोर्ट अशा साठ लाखांच्या आसपास फाइली, मिळून १.२ टेराबाइट. सोमवारच्या मीटिंगमध्ये दोन सूचना आल्या. "मॅडम, जुने केसपेपर दर आठवड्याला कशाला घेता? सोडून द्या." आणि दुसरी, "ड्राइव्ह म्हातारा झालाय, नवा घेऊ." काही लाखांचं कोटेशनही तयार होतं. वीस वर्षांच्या कामात हेच दोन उपाय मी सगळीकडे ऐकत आले आहे: बॅकअप कापा, नाहीतर यंत्र बदला. दोन्हींच्या आधी एक दिवस मोजमापाला द्यायला हवा, हे कुणी म्हणत नाही. मी तो एक दिवस मागून घेतला.

आमचा ड्राइव्ह एलटीओ-६ जातीचा. ही पिढी २०१२ची. अर्धा इंच रुंद, ८४६ मीटर लांब फितीवर २.५ टेराबाइट मावतात आणि सेकंदाला १६० मेगाबाइटपर्यंत लिहिता येतं. पण ही फीत भरधाव एसटीसारखी असते. समोरून माहिती यायची थांबली की तिला जागच्या जागी उभं राहता येत नाही. ती थांबा ओलांडून पुढे जाते, मग मागे घ्यावी लागते, आणि पुन्हा वेग धरावा लागतो. ड्राइव्ह आपला वेग काही प्रमाणात कमी करून घेतो, पण सेकंदाला साधारण पन्नास मेगाबाइटच्या खाली त्याचाही इलाज चालत नाही. मी ऐकत होते तो आवाज याच पुढे-मागे होण्याचा होता. यात वेळ जातोच, शिवाय फीत आणि हेड दोन्ही झिजतात.

पहिली चाचणी ड्राइव्हची. मेमरीत दहा गिगाबाइटची, वेड्यावाकड्या आकड्यांची फाइल बनवली आणि थेट टेपवर लिहिली. नुसत्या शून्यांची फाइल इथे चालत नाही. ड्राइव्ह ती आतल्या आत दाबून इवलीशी करतो आणि वेग खोटाच मोठा दिसतो. निकाल आला सेकंदाला १५८ मेगाबाइट. म्हातारा ठरवलेला ड्राइव्ह ठणठणीत होता.

दुसरी चाचणी डिस्कची. टार या गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या फाइली वाचायच्या आणि टेपऐवजी कुठेच लिहायच्या नाहीत. इथे एक खाच आहे. टारला थेट डेव्ह-नलवर, म्हणजे आलेलं सगळं फेकून देणाऱ्या जागी, लिहायला सांगितलं, तर तो फाइली उघडून वाचतच नाही आणि काम क्षणात झाल्यासारखं दिसतं. मधे पाइप घालावा लागतो, म्हणजे टारचा गठ्ठा दुसऱ्या प्रोग्रॅममधून पुढे न्यावा लागतो. तसा घातला आणि खरा आकडा दिसला: सेकंदाला १८ मेगाबाइट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कारण साधं होतं. फिरत्या डिस्कचं हेड सेकंदाला शंभरेक उड्या मारतं. आमची एक फाइल सरासरी दोनशे किलोबाइटची, आणि जवळजवळ प्रत्येकीसाठी वेगळी उडी. गणित तिथेच संपतं. नवा ड्राइव्ह आणला असता तर तो याहून वेगवान, म्हणजे याहून जास्त उपाशी राहिला असता.

उपाय कोटेशनच्या मानाने स्वस्त निघाला. जुने स्कॅन बदलत नाहीत, म्हणून त्यांचे महिनावार मोठे गठ्ठे बांधून दोन टेराबाइटच्या एसएसडीवर ठेवले. नव्या फाइली रोज रात्री सावकाश त्यात जमा होतात. शनिवारी टेपकडे जातात ते फक्त गठ्ठे. न सांगता सोडलं तर टार दहा-दहा किलोबाइटचे घास भरवतो. आम्ही घास २५६चा केला आणि परत वाचताना हा आकडा लागतो म्हणून तो कार्ट्रिजच्या लेबलवर लिहिला. मधे एमबफर या प्रोग्रॅमने मेमरीत चार गिगाबाइटची टाकी ठेवली. ती नव्वद टक्के भरल्याशिवाय फीत हलत नाही. पुढच्या शनिवारी बॅकअप सव्वादोन तासांत आटोपला.

एवढी यातायात टेपसाठी कशाला, असं कुणी विचारेल. फेब्रुवारी २०११मध्ये एका सॉफ्टवेअरच्या दोषाने काही जीमेल खात्यांतली पत्रं नाहीशी झाली. डेटा सेंटरांत ठेवलेल्या प्रतींनाही तोच दोष भोवला. गूगलने ती पत्रं टेपवरून परत आणली. कपाटात ठेवलेल्या कार्ट्रिजपर्यंत ना बिघडलेला प्रोग्रॅम पोचतो, ना खंडणीखोर व्हायरस.

म्हणून रुग्णालयं, पतसंस्था, नगरपालिका चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बॅकअपला किती तास लागले आणि त्यातून काय परत आणून पाहिलं, या दोन गोष्टी महिन्याच्या अहवालात मागा. तास वाढू लागले तर तुमच्या माणसाला एक दिवस मोजू द्या. त्यानंतर खर्चाचं बोला. रुग्णांचे कागद वगळायचं तर बोलूच नका.

आमच्याकडे आता दर महिन्याला रेकॉर्ड रूममधले काका मनाला येईल तो नोंदणी क्रमांक सांगतात आणि मी त्याचा कागद टेपवरून परत आणते. पहिल्या खेपेला त्यांनी २०१४चा एक क्रमांक दिला. अकरा मिनिटांनी डिस्चार्ज कार्ड पडद्यावर आलं. काकांनी मूळ कागद शेजारी धरला, चष्मा वर करून डॉक्टरांची सही ताडून पाहिली आणि वहीत बरोबरची खूण केली.