सांगितलेले वजन आणि मोजलेले वजन

गरोदर स्त्री आरोग्य केंद्रात प्रथम येते तेव्हा तिच्या नावाने एक कार्ड उघडले जाते. वय, उंची, शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणे यांच्या जोडीला त्यावर वजनाचाही रकाना असतो. हा रकाना दोन रीतींनी भरता येतो: स्त्रीला काट्यावर उभे करून, किंवा तिला विचारून. आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. तो काट्याने दाखविला की तोंडाने सांगितला गेला, याची खूण त्याच्यापुढे कोणी करीत नाही. ही बाब कारकुनी वाटेल, आणि पक्षाच्या साप्ताहिकाने तिची दखल घ्यावी काय असा प्रश्न एखाद्या कार्यकर्त्याच्या मनात येईल. परंतु अर्धपोटी राबणाऱ्या स्त्रीच्या उदरातच जेथे पुढच्या पिढीच्या दुबळेपणाला आरंभ होतो, तेथे तो आकडा कोठून आला हा प्रश्न राजकीयच मानला पाहिजे.

गरोदरपणापूर्वीच्या वजनाला वैद्यकशास्त्रात एवढे महत्त्व का, हे प्रथम पाहू. गर्भ राहिला तेव्हा स्त्री कृश होती, मध्यम होती की स्थूल, यावरून पुढील नऊ महिन्यांत तिचे वजन किती वाढावे हे ठरते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली सुधारून प्रसिद्ध केलेली मोजपट्टी अनेक देशांत संदर्भासाठी वापरली जाते. तिच्यानुसार कृश स्त्रीचे वजन १२.५ ते १८ किलोंनी वाढावे, मध्यम बांध्याच्या स्त्रीचे ११.५ ते १६ किलोंनी, आणि स्थूलतेकडे झुकलेल्या स्त्रीचे ७ ते ११.५ किलोंनी. कृश कोण हे ठरविण्यासाठी किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात, उत्तर १८.५ च्या खाली आले तर ती स्त्री कृश. आता १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना किंचित कमी उंचीची एक शेतमजूर स्त्री घ्या. तिच्यासाठी ही सीमारेषा सुमारे ४२.७ किलोंवर पडते. प्रत्यक्षात ती ४२ किलोंची आहे, आणि विचारल्यावर तिने ४५ सांगितले. एवढ्या तीन किलोंनी ती कृश स्त्रियांच्या यादीतून बाहेर पडली. उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. ४५ किलोंच्या स्त्रीने ४२ सांगितले आणि आठव्या महिन्यात काट्याने ५० दाखविले, तर कागदावर वाढ आठ किलोंची दिसते. प्रत्यक्षात ती पाचच किलोंची असते. ज्या गर्भाची वाढ मंदावली आहे त्याच्या आईला ‘सारे ठीक आहे’ असे सांगून घरी पाठविले जाते. स्थूल स्त्रीने संकोचाने चार किलो लपविले तर मधुमेहाची आणि रक्तदाबाची शंका घेण्यास डॉक्टरला उशीर होतो.

सांगितलेले आणि मोजलेले वजन ताडून पाहणारे पुष्कळ अभ्यास युरोप-अमेरिकेत झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष ढोबळमानाने एकाच दिशेचे आहेत: स्त्रिया सरासरीने खऱ्यापेक्षा थोडे कमी वजन सांगतात, वजन जसे अधिक तशी ही घट वाढत जाते, आणि फार कृश व्यक्ती कधी कधी थोडे चढवूनही सांगतात. हजारो स्त्रियांचा सामान्य कल पाहावयाचा असेल तर असे आकडे चालून जातात, हे मान्य केले पाहिजे. समोर बसलेल्या एका स्त्रीचा आहार आणि उपचार ठरविताना मात्र ते चालत नाहीत. ब्रिटनमधील ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१० साली सुईणींना आणि डॉक्टरांना स्पष्ट बजावले की पहिल्याच भेटीत वजन आणि उंची मोजून घ्यावी, स्त्रीने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. जेथे घरोघरी न्हाणीघरात वजनकाटा असतो तेथली ही सावधगिरी आहे.

आपल्याकडे ज्या स्त्रीला वजन विचारले जाते तिने ते कोठे पाहिलेले असते? शाळेत असताना आरोग्य तपासणीच्या दिवशी एकदा, मागील बाळंतपणात एकदा, क्वचित एखाद्या रेल्वे स्थानकावरील यंत्रातून नाणे टाकून मिळालेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर. त्यानंतर दुष्काळ आला, दोन बाळंतपणे झाली, एक आजारपण गेले. तरीही विचारले म्हणजे उत्तर दिलेच पाहिजे, कारण टेबलापलीकडे बसलेली व्यक्ती सरकारी आहे आणि मागे रांग उभी आहे. अशा वेळी स्त्री जो आकडा सांगते त्याला खोटे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. जे तिला कधीच कळू दिले गेले नाही ते तिच्याकडे मागितले जाते, आणि तिने भीडेपोटी काहीतरी सांगितले की तीच शासनाची नोंद होते.

नियम म्हणाल तर नियम चांगला आहे. प्रत्येक तपासणीत वजन मोजावे असे शासनाच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. पण गरोदरपणापूर्वीचे वजन मोजण्याची व्यवस्था मुळातच नाही. त्यातून नावनोंदणी उशिरा होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात स्त्री प्रथम केंद्रात येते, त्या दिवशीच्या वजनात गर्भ, पाणी आणि वाढलेले रक्त यांचा भार आधीच मिळालेला असतो, आणि तेच वजन मूळ वजन म्हणून धरले जाते. येथे काटा अचूक असूनही हिशेब चुकतो. कृश स्त्री मध्यम ठरते.

याचा राष्ट्रीय पातळीवरील परिणाम डायान कॉफी या संशोधिकेने २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दाखवून दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना वजन विचारीत नाहीत, प्रत्यक्ष मोजतात. हे त्या पाहणीचे मोठे बळ होय. मात्र कृशतेचे प्रमाण काढताना गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया वगळल्या जातात. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्यामुळे गर्भ राहताना स्त्री किती कृश असते हे पाहणीच्या छापील तक्त्यांत कोठेच दिसत नाही. कॉफी यांनी २००५-०६ च्या पाहणीतील आकड्यांवरून, ज्या वयाच्या आणि परिस्थितीच्या स्त्रिया गरोदर होतात तशा स्त्रियांचे वजन गणिताने काढले. भारतात ४२ टक्क्यांहून अधिक स्त्रिया गरोदरपणाच्या आरंभी कृश असतात असे निघाले. सर्व स्त्रियांचे प्रमाण त्याच पाहणीत सुमारे ३६ टक्के होते. आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत हाच आकडा साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होता. नऊ महिन्यांतील वाढ भारतात जेमतेम सात किलोंची. कुटुंबात सर्वांच्या शेवटी जेवणारी तरुण सून हीच गर्भ वाहणारी स्त्री असते, एवढे साधे सत्य जगापुढे येण्यासाठी परदेशी संशोधिकेला गणिताचा आधार घ्यावा लागला; कारण त्या सुनेचे वजन गर्भ राहण्यापूर्वी कोणी मोजलेच नव्हते. २०१९-२१ च्या पाहणीतही महाराष्ट्रातील दर पाच स्त्रियांत एक कृश आढळली.

मोजणे अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम करून दाखविले. विवाहित स्त्रियांची गर्भ राहण्यापूर्वीच वजने घेतली गेली आणि पुढे गरोदरपणात त्यांचा पाठपुरावा झाला. गरोदर झालेल्या स्त्रियांचे आधीचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास भरले, आणि बाळांचे जन्मवजन सुमारे २.७ किलो. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळे अधिक भरली, आणि जड काम करणाऱ्या मातांची बाळे लहान राहिली, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. श्रम आणि अन्न यांचा असा रोखठोक हिशेब मांडता आला तो मूळचे वजन हाती होते म्हणून.

शासनाने साधने दिली नाहीत असेही नाही. २०१८ साली सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाड्यांना माता-बालकांचे वजनकाटे देण्याची तरतूद होती. पण काट्याला बॅटरी लागते, सपाट जमीन लागते, दुरुस्ती लागते. किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर त्याला दंड होतो. गर्भवतीच्या काट्याची फेरतपासणी कधी झाली, हे विचारणारा निरीक्षक गावात फिरकत नाही. दुसरीकडे, आकडा वर पाठविण्याची घाई अफाट. २०२१ साली महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट ठरलेले सरकारी भ्रमणध्वनी परत केले, त्यामागे हीच कोंडी होती. काटा बंद असला तरी रकाना रिकामा ठेवण्याची मुभा सेविकेला नसते. मग मागील महिन्याच्या आकड्यात दीड किलो मिळविला जातो. मानधनावर राबणाऱ्या सेविकेला यासाठी दोष देणारे अधिकारी स्वतःच्या कार्यालयातील फलकावर हेच आकडे मिरवतात.

ऊसतोडणीचा हंगाम घेतला तर हा विरोधाभास उघड्यावर येतो. बीडची स्त्री दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, वसंत ऋतू सरताना परतते; मधल्या काळात तिचे कार्ड गावातील पेटीत राहते. तिने तोडलेला ऊस कारखान्याच्या काट्यावर टनावारी मोजला जातो, आणि त्या मोजणीतील काटामारीविरुद्ध शेतकऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे लढत आहेत. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या त्या गरोदर स्त्रीचे वजन मात्र फडात कोणी मोजीत नाही. हंगाम संपल्यावर तिला विचारतात, ‘आधी किती होतं?’

या मागणीला दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की वजन मोजल्याने पोट भरत नाही. खरे आहे. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपयांचे मातृत्वसाहाय्य हक्क म्हणून दिले असताना, २०१७ च्या योजनेने ते पहिल्या अपत्यापुरते आणि ५,००० रुपयांवर आणून ठेवले. अशा कपातीला उत्तर देताना भूक किती आहे हे सिद्ध करावे लागते, आणि विचारून भरलेले रकाने शासनाच्याच बाजूने साक्ष देतात. दुसरा आक्षेप स्त्री-कार्यकर्त्यांचा आहे: रांगेत सर्वांदेखत काट्यावर उभे करून आकडा मोठ्याने ओरडणे हा अपमान आहे. त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे. आडोसा हवा, पादत्राणे काढून उभे राहण्याइतका वेळ हवा, आणि आकडा प्रथम त्या स्त्रीला सांगितला पाहिजे. तो तिचा आहे.

सांगितलेले वजन पूर्ण टाकून द्यावे, असे नव्हे. जेथे दुसरे काही नाही तेथे तेही लिहावे. पण त्यापुढे ‘सांगितलेले’ असे स्पष्ट नमूद व्हावे, आणि ज्या महिन्यात ते लिहिले तो महिनाही. एवढ्यासाठी नवे यंत्र लागत नाही, रकान्याशेजारी एक अक्षर पुरते. नवविवाहितेचे वजन गावात आल्यावरच नोंदवून ठेवावे, पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी व्हावी, आणि तोडणी कामगारांच्या फडावर गर्भवतींसाठी काट्यासह परिचारिका जावी, या मागण्या आपल्या संघटनांच्या मागणीपत्रांत घालता येण्याजोग्या आहेत. तोपर्यंत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी दर महिन्याच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनी अंगणवाडीत जावे, दुकानदाराकडून शिक्क्याची पाच किलोंची दोन वजने मागून आणावीत, ती काट्यावर ठेवून पाहावीत, आणि काटा किती दाखवितो हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.