‘भाव इनबॉक्समध्ये’ ही सवय आता सोडा!

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडकडच्या जुन्या वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर जे जे आहेत, त्या सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण वाचा. राग आला तर कॉमेंटमध्ये या. इनबॉक्समध्ये नको, कारण भांडण त्याच इनबॉक्सशी आहे.

रोज तेच चाललंय. कुणीतरी जुन्या बेस गिटारचा फोटो टाकतो. पलंगावरची फुलाफुलांची चादर, त्यावर गिटार, हेडस्टॉक अर्धं कापलेलं, म्हणजे कंपनी कोणती तेही दिसू नये. वर लिहिलेलं, ‘अर्जंट सेल, एकदम कडक कंडिशन, सिरियस असाल तरच मेसेज करा.’ खाली वीस जण विचारतात, ‘भाऊ, भाव?’ आणि भाऊ विसांनाही एकच उत्तर देतात, ‘इनबॉक्स.’

काऊन बा? गिटार विकून राहिले की अफू?

इनबॉक्समध्ये काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत कुणी नाही. तिथं भाव वस्तूचा ठरत नाही, विचारणाऱ्याचा ठरतो. प्रोफाइल उघडून पाहिलं जातं. कळंबचा कॉलेजातला पोट्टा विचारत असेल, पहिल्यांदाच घेत असेल, तर १६ हजार. ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजवलेला माणूस विचारत असेल तर १२. आणि नागपूरचा रोकड घेऊन येणारा व्यापारी असेल तर ९ हजारांत गाठोडं बांधून मोकळे. गेल्या वर्षी एकाच बेसचे तीन भाव तीन जणांना सांगितलेले मी स्वतः पाहिलेत, कारण ते तिघंही माझ्या ओळखीचे निघाले. नाव घेत नाही. तो वाचत असेलच. सगळ्यात जास्त पैसे कोण मोजतो? ज्याला सगळ्यात कमी कळतं आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहेत, तो.

आता जरा मागे जाऊ. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत आपल्या आज्या-पणज्यांना चांगली ठाऊक होती. अडत्या आणि व्यापारी यांचे हात रुमालाखाली, आणि ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून तोंडाकडे बघतोय. ही पद्धत मोडायला कायदे करावे लागले. आणि त्याची सुरुवात कुठं झाली? मुंबईत नाही, दिल्लीत नाही. इथं दारव्ह्याच्या पलीकडं कारंज्याला, १८८६ मध्ये. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार तो. मग १८९७ मध्ये सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजांनी ते आपल्यावरच्या प्रेमापोटी केलं नाही, मँचेस्टरच्या गिरण्यांना बिनभेसळीचा कापूस रास्त भावात पाहिजे होता म्हणून केलं. पुढं १९६३ चा राज्याचा बाजार समित्यांचा कायदा आला. बाजार समित्यांमध्ये आज काय काय चालतं ते मला सांगू नका, त्यावर वेगळी पोस्ट होईल. पण उघडा लिलाव आणि सगळ्यांसमोर पुकारलेला भाव हे तत्त्व तरी कुणी चूक म्हणत नाही. ज्या वऱ्हाडानं हे सगळ्यांच्या आधी पाहिलं, तिथलीच पोट्टी आज मोबाइलच्या रुमालाखाली बोटं दाबून राहिलीत!

विकणाऱ्यांचं म्हणणंही ऐकलंय. पहिलं, ‘माझी वस्तू, माझी मर्जी.’ मान्य. वस्तू तुमची. पण ग्रुप तुमचा एकट्याचा नाही. दुसरं, ‘भाव टाकला की फालतू कॉमेंट येतात, कुणी म्हणतं एवढ्यात नवी येते.’ अहो, एवढ्यात खरंच नवी येत असेल, तर तो माणूस फालतू कसा? त्यानं एका पोराचे पैसे वाचवले. तिसरं जरा वजनदार आहे. ‘अडचणीत विकतोय, चारचौघांत भाव सांगितला की लोक ओळखतात आणि आणखी पाडून मागतात.’ हे खरं आहे. जूनमध्ये बी-बियाण्याला, शाळेच्या फीला पैसे लागतात तेव्हा वाद्यं विकायला निघतात, आणि दसऱ्या-दिवाळीला कापूस घरात येतो तेव्हा तीच माणसं घ्यायला निघतात. पण म्हणूनच तर भाव उघडा पाहिजे! अडलेल्या माणसाला इनबॉक्समध्ये एकट्याला गाठूनच पाडता येतं. चारचौघांत कुणी चौदाच्या वस्तूला सहा म्हणाला, तर दुसरा आठ म्हणेल, तिसरा दहा. एकट्यात तो सहावर सही करून मोकळा होतो.

बेसच्या बाबतीत हा अंधार जास्तच नडतो, त्याचं कारण जरा तांत्रिक आहे. बेसची सगळ्यात जाड तार ई सुरात लावली की तिचं कंपन सेकंदाला सुमारे ४१ वेळा होतं. तुमच्या मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तो मूळ सूर निघतच नाही, वरवरचे उपसूर तेवढे ऐकू येतात. म्हणजे ‘व्हिडिओ पाठवतो, आवाज ऐका’ याला काही अर्थ नाही. तबला, हार्मोनियम फोनवर थोडीफार कळते, बेस नाही. तो हातात घेऊन, बऱ्या अँपवर, प्रत्येक फ्रेट दाबूनच पाहावा लागतो. त्यात आपल्याकडं उन्हाळ्यात पारा पंचेचाळीशी गाठतो आणि लगेच पावसाळ्यात भिंतींना ओल येते. लाकूड सुकतं, फुगतं. मान वाकते, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात. मानेतला सळईचा स्क्रू फिरतो की अडकलाय, हे न पाहता बेस घेणं म्हणजे दात न बघता बैल घेणं. आणि नोटा फडफडतात की नाही, आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं की नाही, हे विकणाऱ्याला माहीत असतंच. ते भावासोबत लिहायला काय जातं?

लांबचा गिऱ्हाईक असला की आणखी एक धोका. आधी ॲडव्हान्स टाका, मग कुरिअर करतो. फोटो दुसऱ्याच्याच गिटारचा, माणूस ‘फौजेत आहे’, ओळखपत्रही पाठवतो. भाऊ, हे नाटक जुनं झालं. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या आईपासून पुतण्यापर्यंत सगळ्यांना पाठ करून द्या. फसलाच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जेवढा उशीर, तेवढे पैसे हातचे गेले. आणि कुणी ‘बिल नाही, कागद नाही, पण स्वस्तात देतो’ म्हणाला तर दोनदा विचार करा. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागतं. साध्या कागदावर तारीख, वस्तू, सिरियल नंबर, रक्कम आणि दोघांच्या सह्या. पाच मिनिटांचं काम.

एवढा जीव का काढतोय म्हणता? भीमजयंती, दुर्गोत्सव, लग्नं... आपल्या जिल्ह्यात स्टेजवर जिवंत वाजवणारे अजून आहेत, पण दर वर्षी कमी होतायत. बेसवाल्याची जागा आधी कीबोर्डच्या डाव्या हातानं घेतली, मग पेनड्राइव्हनं. अशात घाटंजीकडचा, झरी-जामणीकडचा एखादा पोरगा रोजंदारीतून पैसे साठवून बेस घ्यायला निघतो. दुकान बघायला नागपूर गाठायचं तर यवतमाळहूनच दीडशे किलोमीटर. त्याच्यासाठी आपला ग्रुप हेच दुकान. तिथं पहिल्याच खेपेला वाकड्या मानेचा बेस दीडपट भावात गळ्यात पडला, तर तो सहा महिन्यांत म्हणतो, ‘मलेच जमत नाही.’ बोटं दुखतात गिटारमुळं, आणि दोष तो स्वतःला देतो. असे दोन तरी पोरं मी पाहिलेत. दोघांनी सोडलं.

म्हणून ॲडमिन मंडळींना थेट मागणी. भाव नाही, तर पोस्ट नाही. विकली गेली की कितीला गेली ते खाली लिहायचं, पोस्ट डिलीट करायची नाही, म्हणजे पुढच्याला अंदाज येतो. दोष लपवलेला सापडला की बाहेर. ग्रुप लहान होईल म्हणता? होऊ द्या.

आणि ऑर्केस्ट्रातल्या जुन्या मंडळींना, दादा, काकांना हात जोडून विनंती. महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी दोन तास द्या. कुणाच्या तरी अंगणात एक अँप लावू, ज्याला विकायचं त्यानं आणावं, ज्याला घ्यायचं त्यानं वाजवून पाहावं, तुम्ही फक्त मान बघून सांगा. नगरपालिकेकडं हॉल मागायला मी अर्ज लिहितो, सोबत सह्या करायला या.

सुरुवात माझ्यापासून. प्रॅक्टिसचा बेस अँप, १५ वॅट, विकायचा आहे. भाव २,८०० रुपये, २,५०० च्या खाली नाही, हे इथंच सांगतो. केबलचं भोक ढिलं आहे, वायर हलली की आवाज जातो, दुरुस्ती करावी लागेल. ड्रमसोबत पुरणार नाही, घरी पुरेल. बिल आहे. घरी येऊन वाजवून बघा. विचारायचं ते कॉमेंटमध्ये.