पंप वर आला पाहिजे, माणूस खाली जाता कामा नये

पाऊस तोंडावर आला की आपण वाडीतल्या मोटारी तपासतो. आमच्या गोराई-बोरिवली पट्ट्यात आणखी एक मोटार आहे, तिची आठवण मात्र ती बंद पडल्यावरच होते. ती म्हणजे सांडपाण्याच्या टाकीतली. घर रस्त्यावरच्या मलवाहिनीपेक्षा खोलात असेल किंवा तळघरात संडास असेल, तर मैलापाणी आपोआप वाहून जात नाही. ते टाकीत साठवून पंपानं वर चढवावं लागतं. तशी सगळी मुंबईच अशा पंपांवर चालते. वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपरच्या महापालिकेच्या केंद्रांपर्यंत सखल भागातलं सांडपाणी उपसूनच न्यावं लागतं.

जुना पंप बंद पडला की पहिला प्रश्न येतो : दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? माझं मत विचाराल तर बिडाच्या अंगाचा जुना पंप लगेच भंगारात काढू नका. बहुतेक वेळा रोग साधा असतो. मोटार नुसती गुणगुणते, पाणी ढकलत नाही, तर पंख्यात चिंधी, सॅनिटरी पॅड नाहीतर ओले वाइप्स अडकलेले असतात किंवा कपॅसिटर गेलेला असतो. अशी मोटार चालू ठेवली तर वाइंडिंग जळणार हे नक्की. पंप सुरूच होत नसेल तर फ्लोट बघा, चरबीच्या थरात तो चिकटून बसतो. पंप थांबला की पाणी परत टाकीत उतरत असेल तर नॉन-रिटर्न वाल्व्हमध्ये कचरा आहे. आणि सीलमागचं तेल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलं, पाणी आत शिरलंय. तेव्हाच सील बदललं तर मोटार भरायचा खर्च वाचतो.

हे सगळं आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखंच आहे. फरक पुढं आहे, आणि हे लिहायला बसलो ते त्या फरकासाठी.

हा पंप टाकीबाहेर कसा काढणार? कितीतरी जुन्या टाक्यांत तो थेट तळाशी पाइपाला बोल्टनं आवळलेला असतो. साखळी गंजून तुटलेली, नाहीतर कधी बसवलेलीच नसते. मग कोणीतरी सहज म्हणतं, "एक माणूस आत उतरव, पाच मिनिटांचं काम आहे."

त्या पाच मिनिटांत माणूस जातो. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच बंद होतं. म्हणजे "आता वास नाही, उतर" हे सगळ्यात घातक वाक्य. जुन्या विहिरीत कंदील सोडून बघायची आपली रीत इथं अजिबात चालवू नका. टाकीत मिथेनही असतो, ज्योत नेली तर भडका उडेल. आणि एक जण कोसळला की दुसरा त्याला काढायला धावतो, मग तोही जातो.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सरकारला दिला. मार्च २०२२ मध्ये कांदिवलीत सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत पुन्हा तिघे गेले. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत सफाईला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यात शब्द सफाईचा आहे, पण आत उतरलेला माणूस सफाईला आलाय की दुरुस्तीला, हे वायू विचारत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं : पंपाच्या आधी टाकीची मांडणी दुरुस्त करा. पंपाला स्टेनलेस स्टीलची साखळी लावा, तिचं टोक झाकणाजवळ हाताला येईल असं अडकवा. पाइपाचा जोड तळाशी न ठेवता वर घ्या. मोठी टाकी असेल तर दोन उभे गाइड पाइप बसवा, पंप त्यावरून सरकत वर येतो आणि खाली सोडला की आपोआप जाग्यावर बसतो. वाल्व्ह टाकीबाहेर वेगळ्या उथळ चेंबरमध्ये ठेवा. पंप केबलला धरून कधी ओढायचा नाही, आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय साखळीला हात लावायचा नाही. हे बदल करताना आधी टाकी सक्शनच्या गाडीनं उपसून घ्या, आणि तेव्हाही आतलं काम वायू मोजायचं यंत्र, हवेची सोय आणि प्रशिक्षित माणसं असलेल्यांकडूनच करून घ्या. उपसलेली टाकी म्हणजे सुरक्षित टाकी नव्हे.

"एवढा खर्च कशाला?" असं सभेत कोणीतरी विचारणारच. लॉबीला टाइल्स लावताना हा प्रश्न येत नाही. हा खर्च एकदाच करायचा आहे, पंप मात्र पुढं अनेकदा बिघडणार आहे, आणि दर वेळी आत उतरणारा माणूस आपल्या घरातला नसतो, म्हणूनच आपण त्याला इतक्या सहज उतर म्हणतो.

यंदा पावसाआधी झाकणाशी उभं राहून एवढंच विचारा : हा पंप माणूस आत न उतरता वर येतो का? उत्तर "नाही" असेल तर पहिली दुरुस्ती तीच. तुमच्याकडं काय पद्धत आहे, खाली लिहा.